ठेलेवाल्या काकांना, पिवळ्या पानांबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा आहे, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या. पत्र मुद्दाम सगळ्यांसाठी उघडं लिहितेय. तुम्ही रोपांच्या ठेल्याशी उभं राहून कुंड्यांतल्या झाडांबद्दल जे शिकवलंत ते एकट्या माझ्याच गॅलरीत राहिलं तर बरं नाही.

तुम्हाला आठवत असेल, सासूबाईंचं नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर पाडायला निघालं तेव्हा त्यांच्यासोबत त्यांच्या कुंड्याही बेसा भागात आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. जन्मभर अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीत वाढलेली झाडं ती. इथे काही पश्चिमेच्या उन्हात गेली, काही हॉलच्या कोपऱ्यात. बघता बघता फायकसने निम्मी पानं टाकली, मनीप्लांट पिवळा पडला, अरेका पामची टोकं जळल्यासारखी दिसायला लागली आणि जास्वंदीवर पांढरा कापूस बसला. सासूबाई रोज सकाळी एकेका झाडाची तब्येत विचारायच्या. घर सुटल्याचं दुःख त्या बोलून दाखवत नव्हत्या, कुंड्यांचं बोलायच्या. मी जिथे शोधावं तिथे एकाच पिवळ्या पानाला पाणी जास्त, पाणी कमी, ऊन जास्त, ऊन कमी, खत कमी अशी सगळीच कारणं लिहिलेली.

तुमच्याकडे मी औषधाची बाटली मागायला आले होते. तुम्ही म्हणालात, "औषध कायले पायजे ताई? कोनतं पान पिवळं पडते ते सांगा न आधी, खालचं का शेंड्याचं?" पहिले आभार या प्रश्नाचे.

खालची पानं पिवळी आणि माती ओली, तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. खालची पानं पिवळी, माती ठीक, पण झाड वर्षानुवर्षं त्याच मातीत, तर नत्र संपलेलं. तेव्हा झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं, घरातली म्हातारी माणसं आपल्या ताटातलं लेकराला वाढतात तसं. लोहाचं मात्र असं होत नाही. ते जुन्या पानातून सहज हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानात दिसते: पान पिवळं आणि शिरा हिरव्या. आमच्या जास्वंदीचं नेमकं हेच होतं, आणि तुम्ही कुंडीच्या कडेवरचा पांढरा थर नखाने खरवडून त्याचं कारण दाखवलंत. बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्याने माती अल्कधर्मी होते. मग लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. नुसतं शेणखत वाढवून काय होणार? चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं, द्या आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरून ठेवा, एवढंच तुम्ही सांगितलंत. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका, हेही. पाणी वाचवल्याच्या समाधानात कितीतरी घरी ते झाडांना जातं, पण त्यात क्षार नळाच्या पाण्याहूनही जास्त असतात आणि कुंडीत ते साचतच राहतात.

दुसरा धडा बोटाचा. पानं माना टाकतात ती तहानेनेही आणि कुजलेल्या मुळांनीही. वरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि दोन्ही वेळा आपला हात तांब्याकडेच जातो. तुम्ही बोट दोन पेरं मातीत घालायला लावलंत, मग कुंडी उचलून वजन बघायला. मनीप्लांटची कुंडी जड होती, म्हणून तुम्ही तो उलटा करून मुळं दाखवलीत. पांढरी, टणक ती जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी ती गेलेली. गेलेली कापली, उरलेला वेल नव्या मोकळ्या मातीत लावला, दोन कांड्या पाण्याच्या बाटलीत ठेवल्या. जगला.

रबर प्लांटचं मात्र उलटं निघालं. त्याला रोज पाणी मिळत होतं, खालच्या ताटलीत ते दिसतही होतं, तरी झाड कोरडं. तुम्ही कुंडीच्या कडेला काडी घातलीत तर ती सरळ तळापर्यंत गेली. आपली काळी माती वाळली की आक्रसते, कुंडीची कड सोडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मुळांच्या गोळ्याला थेंब लागत नाही. उपाय फुकटातला: कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढायची, मग नीट निथळू द्यायची. नंतर सवडीने माती बदलायची, त्यात जाड वाळू आणि गांडूळखत. आंध्रातल्या कडियमहून येणाऱ्या रोपांच्या मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा असतो, तो हळूच मोकळा केला नाही तर भोवती कितीही छान माती घाला, आतला गोळा एकतर दगड होतो नाहीतर चिखल, हे तुम्ही सांगितलंत. स्वतः तीच रोपं विकत असताना सांगितलंत, म्हणून जास्त लक्षात राहिलं.

फायकससाठी तुम्ही काहीच केलं नाहीत, आणि ते मला सगळ्यात अवघड गेलं. "जागा बदलली त्याची, रुसला थो. आता तुमी रोज हलवू नका त्याले." खत नाही, छाटणी नाही, खिडकीजवळ एक जागा ठरवायची आणि माती वाळली की पाणी. फायकस जागा बदलली की पानं टाकतोच; नव्या उजेडाला साजेशी पानं तो पुन्हा फोडतो. फोडली.

अरेकाचं थोडक्यात लिहिते. एप्रिल-मेमधली आपली कोरडी हवा आणि तेच क्षार. कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढले, जळलेली टोकं कात्रीने कापताना तपकिरी रेघ जराशी ठेवली, हिरव्यात कात्री घातली नाही. कुलरच्या खोलीत अरेका खूश असतो, एसीच्या खोलीत नाराज. नागपूरकर आहे म्हणायचा!

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे मिलीबग नावाची कीड. तुम्ही आधी मुंग्या दाखवल्यात. मिलीबगच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याला जपतात, या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. म्हणून कुंडी बाकीच्यांपासून दूर, मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढायचा, आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल व साबणाचे चार थेंब घालून पानांच्या खालून फवारा. संध्याकाळीच, कारण उन्हात तेलाने पान भाजतं. दर आठवड्याला पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. पान निस्तेज, ठिपक्याठिपक्यांचं दिसलं तर त्याखाली पांढरा कागद धरून झटकायचं. ठिपके चालायला लागले की लाल कोळी ही बारीक कीड समजायची. तिला कोरडी गरम हवा आवडते, पाण्याचा जोरदार फवारा नाही.

आणि जे दुखणं नव्हतंच त्याचेही आभार. हिवाळ्यात कॅलेडियमची सगळी पानं गळाली तेव्हा मी कुंडी रिकामी करायला निघाले होते. तुम्ही म्हणालात कंद झोपलाय, पाणी बंद करा, उन्हाळ्यात उठेल. मनीप्लांटच्या पानाच्या टोकाशी सकाळी दिसणारा पाण्याचा थेंब हा रोग नाही. तळाचं एखादं जुनं पान पिकून गळणं हाही नाही.

इतक्या वेळा आले, पण प्रत्येक वेळी तुम्ही काही विकलंच असं नाही. बाटल्या ठेल्यावर होत्या, मी पैसे काढून उभी होते, तरी तुम्ही बोट मातीत घालायला लावलंत. धंद्याच्या हिशेबात हे कुठे बसतं, मला कळत नाही.

चहाच्या चोथ्यावरून मात्र तुमचं आणि सासूबाईंचं अजून मिटलेलं नाही. त्या म्हणतात, महालात तीस वर्षं घातला, काही बिघडलं नाही. तुम्ही म्हणता साखर-दुधासकट घातला की मुंग्या येतात. आता त्या तो धुऊन, वाळवून घालतात, पण तुम्ही सांगितलं म्हणून नाही, असा निरोप आहे.

पुढच्या फेरीला जाड वाळूचं एक पोतं आणि आठ इंची दोन कुंड्या आणाल का? खाली भोकं असलेल्या. तुम्ही मागितलेली त्या दुहेरी जास्वंदीची फांदी सासूबाईंनी लावून ठेवली आहे, मुळं फुटली आहेत. घेऊन जा. पैशाची गोष्ट त्यांच्यापुढे काढू नका, चिडतात.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई