मेटल डिटेक्टर आधी की परवानगी?

आमच्या भागातील सार्वजनिक उद्यानात गेल्या रविवारी दोन तरुण मेटल डिटेक्टर फिरवत होते. यंत्र वाजले की खुरप्याने वीतभर खड्डा घ्यायचा. हाती आली ती बहुतेक सोड्याची झाकणे आणि एक गंजका बिजागर. माळीदादांनी हटकले, तेव्हा ‘बाग सार्वजनिकच आहे ना?’ असे उत्तर मिळाले. बाग सार्वजनिक असली तरी तिची देखभाल महापालिकेकडे असते आणि हिरवळीखालून पाण्याच्या नळ्या व दिव्यांच्या तारा गेलेल्या असतात, म्हणून खणण्यापूर्वी उद्यान विभागाची लेखी परवानगी मागणे हेच रीतसर आहे.

गडकोटांवर तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना उत्खननाला प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्याने बंदी आहे, शिवाय दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवण्याचे बंधन १८७८च्या निखात निधी अधिनियमाने घातले आहे. (दहा रुपयांची ही मर्यादा आता वाचताना हसू येते, पण ती कायद्यात आहे.) मार्च २०२५मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात सोन्याच्या नाण्यांच्या अफवेने लोकांनी रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणली. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतील तांब्याचे नाणे, ज्या थरात सापडते, त्या थरावरून अभ्यासकांना काळाचा अंदाज बांधता येतो. ती उपटून खिशात घातली की उरतो तो निव्वळ तांब्याचा तुकडा. छंदाला माझा विरोध नाही. मात्र महापालिकांनी उद्यानांच्या नियमफलकावर याविषयी एक ओळ लिहावी आणि अर्ज कोणाकडे करायचा तेही नमूद करावे.

— एक वाचक, पुणे