सफ जुळली, पण त्या पोराचं काय?

प्रिय दोस्ता,

अस्सलामु अलैकुम. खूप दिवस पत्र नाही, रागव हवं तर. तब्येत ठीक, अम्मीचे गुडघे तसेच.

परवा शुक्रवारी, जुम्याला आपल्या त्या नमाजच्या खोलीतल्या कोरोनाच्या अंतराच्या पट्ट्या काढल्या. फरशीवर चिकट काळे डाग तेवढे उरलेत. इमामसाहेब म्हणाले, "सफ जोडा," म्हणजे नमाजची रांग जुळवा. खांद्याला खांदा लागला आणि मला भरून आलं. शेजारी पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता, अंग चोरून उभा. नंतर हळूच म्हणाला, "भाई, खोलीत एकटा पढायचो तेव्हा रडू यायचं. इथं मनच लागत नाही. अल्लाहवरचं माझं ईमान कमी झालं का?"

पोरगा नमाज शिकलाच लॉकडाऊनमध्ये, मोबाइलवर बघून. २०२० च्या रमजानात तरावीहची रात्रीची नमाजही एकट्यानं, खोलीतच. जमात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढलेली नमाज, त्यानं पाहिलीच नव्हती.

आपलं भांडण आठवतं? तू म्हणायचास, लॉकडाऊनमध्ये मशिदीला कुलूप म्हणजे तवक्कुल, अल्लाहवरचा भरवसा, संपला. मी दुसरे खलीफा हजरत उमर यांचा दाखला दिला. शामच्या, म्हणजे सीरियाकडच्या, वाटेवर सरग या ठिकाणी प्लेगची खबर आली आणि ते मागं फिरले. त्यांचे सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, "अल्लाहच्या तकदीरपासून पळताय?" उमर म्हणाले, "हो, तकदीरपासून तकदीरकडेच." तू फोन आपटलास! आणि ऑनलाइन इफ्तारीला तोंड फुगवून बसलास, कॅमेरा मात्र चालू.

पण तो दाखला कुलपापुरता. या पोराच्या मनाला तो लागू पडत नाही. जमातीची नमाज एकट्याच्या नमाजपेक्षा २७ दर्जे वरची, असं सांगितलं, तर म्हणतो, "पण रडू का येत नाही?" मी म्हटलं, फर्ज म्हणजे सक्तीची नमाज इथं पढ, रात्रीच्या नफ्ल, ऐच्छिक नमाज, खोलीतच ठेव; फर्ज सोडून बाकी नमाज घरातलीच उत्तम, असं हदीसमध्येच आहे. त्यानं मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून मृत्यूची बातमी यायची. ते रडणं भीतीचं असेलही, तरी मी त्याला खोटं म्हणणार नाही.

तुझ्या अब्बांच्या जनाज्याला आम्हाला येता आलं नाही. कब्रस्तानातून परतून तू एकट्यानं इशाची, रात्रीची नमाज पढलास, हे तूच एकदा सांगितलं होतंस. या पोराशी तूच बोल. मला पुस्तकातलं सांगता येतं, तुला त्या रात्रीचं सांगता येईल.

नवी नोकरी कशी आहे? भाभींना सलाम. पोरगा जुम्याला पुन्हा येईल, असरच्या नमाजनंतर फोन कर. मी त्याला थांबवून ठेवतो.

तुझाच