किल्ला डावीकडे कसा गेला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पेपरात पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, चूकभूल सांभाळून घ्या.

आम्ही मालवणजवळच्या वायरीचे, घरापासून समुद्र दोन मिनिटांवर. नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडे रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. गेल्या वर्षी अशीच एक सकाळ, उजाडत होतं, मी मोबाईल घेऊन पुळणीत उभा. होडी जाळं सोडत अर्धा गोल मारून आली, दोन्ही टोकांना माणसं दोराला लागली आणि जाळं किनाऱ्याला आलं तेव्हा आत बांगडा असा काही फडफडत होता की आमचे आबा, वय वर्षं ७१, दोर सोडून ओरडायलाच लागले. सव्वादोन मिनिटांचा व्हिडिओ. माझ्या छोट्याशा पेजवर टाकला, तीनेकशे लोकांनी बघितला, त्यातले निम्मे नातेवाईक, विषय संपला.

तीन आठवड्यांनी डोंबिवलीच्या चुलतभावाचा मेसेज, आबा व्हायरल झाले म्हणून, सोबत लिंक. बघतो तर माझाच व्हिडिओ कुठल्यातरी भलत्याच चॅनलवर, नऊ लाख व्ह्यूज! खाली कोपऱ्यात माझ्या पेजचं नाव होतं ते कापलेलं, आबांच्या आवाजावर कसलंतरी बासरीचं म्युझिक, आणि कॅप्शनमध्ये 'क्रेडिट राईटफुल ओनर'. आता हा राईटफुल ओनर खाली कमेंटमध्ये बोंबलतोय की बाबा मीच तो, तर कमेंट डिलीट आणि मी ब्लॉक.

आबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा बघितला आणि म्हणाले, "आरे, ह्यो किल्लो डावीकडे कसो गेलो? माका काय चकवो लागलो?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की सिंधुदुर्ग किल्ला उजव्या हाताला दिसतो, ह्या व्हिडिओत तो डावीकडे होता, आणि नीट बघितलं तर होडीवरचा नंबरसुद्धा उलटा. ॲपच्या चोरी ओळखणाऱ्या मशिनने पकडू नये म्हणून व्हिडिओ आरशासारखा फिरवलेला. म्हणजे चुकून शेअर झाला वगैरे काही नाही, अक्कल लावून केलेलं काम.

मग मी त्या ॲपवर रीतसर तक्रार केली. नाव लिहू का नको असं झालंय, नकोच. फॉर्म इंग्रजीत, भरला. मूळ फाईल दिली, तारीख-वेळ दिली, किल्ल्याचं पण समजावून सांगितलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं की माहिती अपुरी आहे. पुन्हा पाठवली. आणि गंमत म्हणजे ह्या सगळ्या काळात त्या व्हिडिओच्या सुरुवातीला टूथपेस्टची जाहिरात लागत होती, म्हणजे आबा ओरडायच्या आधी कुणीतरी दात घासतंय, आणि त्याचे पैसे जमा होतायत.

माझं म्हणणं एवढ्या पैशांपुरतंच आहे. चोरी पूर्वीही व्हायची, पण तेव्हा फार तर लाईक मिळायचे. आता व्ह्यूजचे पैसे मिळतात. यूट्यूबचे नियम उघड आहेत, १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं गेलं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज आले की जाहिरातीच्या पैशासाठी अर्ज करता येतो, मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलवाल्याला, उरलेले कंपनीला. बाकीच्या ॲपांची गणितं वेगळी पण तऱ्हा तीच. मग ज्याला ४००० तास भरायचेत तो पहाटे पुळणीत येऊन कशाला उभा राहील, दुसऱ्याचं उचलून दिवसाला दहा टाकणं सोपं. बक्षीस लावलंय ते व्ह्यूजला, व्हिडिओ कोणाचा ते कोण विचारतंय?

रापणीत मासळी वाटतात तेव्हा होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोर ओढणाऱ्याचा वाटा, सगळं ठरलेलं असतं. सुट्टीत आलेलं शाळेतलं पोर दोराला हात लावून गेलं तरी त्याच्या पिशवीत चार बांगडे पडतात. इथे कंपनीने वाटा घेतला, उलटा व्हिडिओ टाकणाऱ्याने घेतला, टूथपेस्टवाल्याचंही काम झालं, आणि दोर ओढणारे कोरडे.

कंपन्या म्हणतात आम्ही नुसते मध्यस्थ. आयटी कायद्याच्या कलम ७९ मध्ये दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराबाबत मध्यस्थाला संरक्षण आहे हे खरं, आणि मायस्पेस नावाच्या वेबसाईटच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०१६ साली सांगितलंय की अमुक एक मजकूर चोरीचा आहे हे नेमकं कळल्याशिवाय प्लॅटफॉर्मला जबाबदार धरता येत नाही. ठीक आहे, रोज एवढे व्हिडिओ पडतात, प्रत्येक आधी तपासून घ्या असं मीही म्हणत नाही. पण पोस्टमन पत्र लिहिणाऱ्याला पैसे देत नाही ना! ज्या दिवशी तुम्ही व्हिडिओवर जाहिरात लावून त्यातला वाटा घेता त्या दिवशी तुम्ही पोस्टमन राहत नाही, व्यापारी होता. आणि व्यापाऱ्याने माल कुणाचा हे विचारायचं असतं.

बरं, त्यांना जमत नाही असंही नाही. मागे मी एका रीलमागे सिनेमातलं गाणं लावलं होतं तर पाच मिनिटांत आवाज बंद, खाली नोटीस. यूट्यूबकडे कंटेंट आयडी नावाची सिस्टीम २००७ पासून आहे, मोठ्या म्युझिक कंपन्यांनी आपला माल त्यात नोंदवून ठेवलेला असतो, कुणी वापरला की मशिन ओळखतं, आणि वाद झाला तर तोवरचे जाहिरातीचे पैसे बाजूला ठेवून शेवटी ज्याचे त्याला देतात. किती चांगली सोय! पण ती मोठा साठा असलेल्या हक्कदारांना, एकट्यादुकट्या माणसाला नुसता फॉर्म. फेसबुकनेही जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की दुसऱ्याचा माल सारखा सारखा टाकणाऱ्यांची कमाई काही काळ बंद करू. करा की. पण ती बंद होईपर्यंत खाल्लेल्या पैशाचं काय?

कायद्याचं मी ओळखीच्या वकिलांना विचारलं. व्हिडिओ काढला की कॉपीराईट आपोआप लागतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. शिवाय कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे निर्मात्याचा नावावरचा हक्क वेगळा. २०१३ च्या नियमांत ७५ नंबरचा नियम आहे, लेखी तक्रार गेली आणि प्लॅटफॉर्मला ती पटली की ३६ तासांत मजकूर बंद. ऐकून मी खूश झालो. मग त्यांनी पुढचं सांगितलं, तक्रारीतच लिहून द्यायचं की मी कोर्टात दावा लावीन आणि २१ दिवसांत ऑर्डर आणून देईन, ऑर्डर नाही आली तर व्हिडिओ परत चालू करायला ते मोकळे. दावा जिल्हा कोर्टात, म्हणजे आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला खेपा घालायच्या, सव्वादोन मिनिटांच्या बांगड्यासाठी. वकील स्वतःच हसले.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. जत्रेत दशावतार, म्हणजे आमच्याकडचं रात्रभराचं लोकनाट्य, लागला की पुढच्या रांगेत पंधरा मोबाईल उभे असतात. दशावतारात छापील संहिता नसते, राजा आणि राक्षस रंगमंचावर उभ्या उभ्या भाषण रचतात, तीच त्यांची कमाई. रात्रभराचं अख्खं नाटक कुणीतरी मोबाईलवर घेऊन सकाळी आपल्या चॅनलवर चढवतो आणि मंडळाचं नावसुद्धा टाकत नाही. कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचासुद्धा हक्क आहे, कलम ३८, पन्नास वर्षांचा. पण पहाटे तोंडावरचा रंग पुसून दुसऱ्या गावच्या जत्रेला निघालेला माणूस कलम ३८ कधी वाचणार?

आता स्वतःचंही सांगतो, नाहीतर घरचेच हसतील. आमच्या होमस्टेच्या बोर्डावर जो डॉल्फिनचा फोटो आहे तो मी चार वर्षांपूर्वी गुगलवरून उचलला होता. कुणाचा ते माहीत नाही, तेव्हा विचारावंसं वाटलंही नाही. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा बायकोने नुसतं बोर्डाकडे बोट केलं. बोर्ड काढलाय, नवीन करायला दिलाय, पण चार वर्षं गिऱ्हाईक त्या डॉल्फिनला बघून आलं हे काही पुसता येत नाही.

मागणी एकच आहे. मालकीची तक्रार आली की व्हिडिओ राहू दे हवा तर, पण त्या दिवसापासूनचे पैसे अडकवून ठेवा, आणि निकाल लागला की ज्याचा माल त्याला द्या, आधी खाल्लेले पण वसूल करून. खोट्या तक्रारी करणारेही आहेत, उद्या तो चोरच माझ्यावर तक्रार टाकेल, म्हणूनच म्हणतो की काढाकाढी नंतर, आधी पैसे थांबवा. म्युझिक कंपनीसाठी जमतं ते रापणकरासाठी का नाही? केंद्र सरकारने नियम ७५ मध्ये एवढी एक ओळ घालावी, आणि तक्रारीचा फॉर्म मराठीत असावा.

तो व्हिडिओ अजून आहे. आबा अधूनमधून बघायला मागतात, राग वगैरे नाही, त्यांना आपला आवाज त्या बासरीच्या मागे कुठे ऐकू येतो का ते बघायचं असतं.

सोबत त्या सकाळचा एक फोटो पाठवतोय. छापलात तर खाली माझं नाव नको, वायरीची रापण एवढं लिहा, आणि किल्ला तेवढा उजवीकडे राहील असं बघा.

आपला,
एक वाचक
वायरी, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग