ओढ्याची रेघ किती जाड?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरच्या नकाशांविषयी आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. उपग्रह, संगणक, कंपन्या सगळ्यांना श्रेय मिळालं. भूगोलाचं नाव एकदाही नाही. चाळीस मार्कांचा विषय, त्याचं काय एवढं! २०२० साली करोनामुळे दहावीचा नेमका भूगोलाचाच पेपर रद्द झाला, सरासरीने गुण दिले गेले आणि कुणाचं काही अडलं नाही. उभी हयात हाच विषय शिकवण्यात गेली, म्हणून जरा टोचलं.

मायकेल गुडचाइल्ड या भूगोलाच्या प्राध्यापकांचा उल्लेख तरी हवा होता. १९६५ साली केंब्रिजमधून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते कॅनडात गेले आणि १९६९ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठातून भूगोलात पीएच.डी. झाले. विषय होता चुनखडकाची झीज! १९८८ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, सांता बार्बराला. जीआयएस (नकाशे आणि त्यांवरची माहिती संगणकावर हाताळायची भौगोलिक माहिती प्रणाली) म्हणजे नुसती संगणकप्रणाली नव्हे, त्यामागे एक विज्ञान आहे, असं त्यांनी १९९२ च्या निबंधात मांडलं. २००७ साली त्यांना व्होत्रँ ल्यूड पुरस्कार मिळाला. भूगोलाचं नोबेल म्हणतात ते हेच.

पण पुरस्कारांपेक्षा मला मोलाचं वाटतं ते त्यांनी नकाशातल्या चुकीवर केलेलं काम. नकाशा चुकणारच, किती चुकू शकतो ते मोजा आणि वापरणाऱ्याला सांगा, हा त्यांचा आग्रह. वर्गात मी हे असं सांगायचो: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. आता तुमचं घर त्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे?

आम्हा सहकारनगरवाल्यांना हा प्रश्न परीक्षेपुरता राहिलेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा अंगणात आला. पुढे एका कार्यालयात मी दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकात आमची सोसायटी ओढ्यापासून चांगली लांब, दुसऱ्यात संरक्षक भिंतच ओढ्यात! कुठला खरा, असं विचारल्यावर "काका, दोन्ही अधिकृतच आहेत" असं उत्तर मिळालं. दोन्हींवर मोजणीचं साल नव्हतं. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे नदीकाठच्या पुणेकरांना आता पाठ झालंय. ती रेषा दहा-वीस मीटर इकडेतिकडे असू शकते, हे मात्र कुणी बोलत नाही. बांधकामाची परवानगी तर अशी देतात, जणू पाणी रेषा बघून थांबतं.

सामान्य नागरिक हासुद्धा एक संवेदकच (सेन्सर), हे गुडचाइल्ड यांनीच २००७ मध्ये लिहिलं होतं. त्या रात्री पाणी कुठवर चढलं, ते आमच्या वॉचमनने दुसऱ्या दिवशी विटेच्या तुकड्याने भिंतीवर आखून ठेवलं. जमिनीपासून चार फूट दोन इंच. मी टेपने मोजलंय. ते टिपून घ्यायला आजवर कुणी आलेलं नाही, आणि यंदा दिवाळीला सोसायटी रंगकाम काढते आहे.

एक विनंती. पावसाळ्यात आपण पूररेषेचे नकाशे छापता, त्याखाली प्रमाण, मोजणीचं साल आणि चूक किती मीटरची असू शकते एवढं छापा. संबंधित खात्याने आकडा दिला नाही, तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
सहकारनगर, पुणे