कांस आधी तोंडाशी उपसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातल्या कांसांच्या, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांच्या, सफाईचा फोटो आपल्या अंकात पाहिला. जेसीबी, गाळाचे ढीग, शेजारी साहेब मंडळी. कांस मात्र रस्त्यालगत, यंत्र सहज पोचते तेवढीच उपसलेली दिसते. पुढे विश्वामित्री नदीला मिळते तिथे बेशरमाची झुडपे माजली आहेत, ती तशीच. निचऱ्याचे काम तोंडापासून धरून वर सरकायचे असते. मधेच खणले तर नुसते लांबट डबके तयार होते.

आमचे शेत डभोई रस्त्याला, भारी काळ्या जमिनीचे. ही माती भिजून फुगली की पाणी जिरत नाही आणि कपाशीची मुळे हवेवाचून गुदमरतात. तुरीचे तर विचारूच नका! खालच्या बांधाला नवा रस्ता झाला, त्याखाली मोरीचे पाइप टाकले, पण पाइपचा तळ चराच्या तळापेक्षा हातभर वर. मी स्वतः नळीची पाणसळ लावून पाहिले. म्हणजे चरात हातभर पाणी तुंबल्याशिवाय पुढे थेंब जात नाही. पाऊस उघडला तरी वाफसा येत नाही, म्हणजे जमीन कामापुरती सुकत नाही. तक्रारीला उत्तर मिळाले, ‘‘पाइप टाकलाय ना?’’

चिकण जमिनीचे हे दुखणे जुनेच. इंग्लंडात १८४३ च्या सुमारास जॉन रीड या माळ्याने जमिनीतले जादा पाणी काढायला भाजलेल्या मातीचे गोल नळ केले. असे नळ शेतात पुरण्यासाठी १८४६ मध्ये तिथल्या पार्लमेंटने कर्जाची सोय केली. अमेरिकेत इलिनॉयच्या पाणथळ जमिनीतही नळ पुरले गेले. पण शेजाऱ्याच्या हद्दीतून पाणी काढायचे कसे? त्यावर १८७९ साली कायदे झाले : शेतकऱ्यांनी मिळून ‘निचरा जिल्हा’, म्हणजे निचऱ्यापुरते सामाईक मंडळ, करायचा, लाभ होणाऱ्या प्रत्येक जमिनीवर पट्टी बसवायची आणि सामाईक चर राखायचा.

आता छिद्रांचे प्लास्टिक पाइप मीटरभर खोल पुरतात. दक्षिण गुजरातेत उकाई-काकरापार कालव्यांच्या लाभक्षेत्रातल्या पाणथळ, खारावलेल्या जमिनीत ते प्रयोग झालेही आहेत. पण त्यांचे पाणी पडते तो चरच तुंबला, तर महागडा पाइप काय करणार?

म्हणून सफाईचे आणि रस्त्याचे बिल काढण्यापूर्वी चराच्या तळाची आणि मोरीच्या तळाची पातळी, हे दोन आकडे फलकावर लिहावेत. सर्व्हेयरला एका मोरीसाठी तासभर पुरेल. आणि यंत्र यंदा आधी नदीकडच्या टोकाला न्यावे, बेशरम मुळासकट काढावी.

आपला,
एक शेतकरी वाचक, बडोदे