मनोरा गुडघ्यांना झेपणारा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाडीकिनारी पक्षीनिरीक्षणासाठी मनोरे उभारण्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यानिमित्ताने हे पत्र.

मुलगा डेन्मार्कमध्ये नोकरीला असतो. मे महिन्यात गेलो तेव्हा त्याने आम्हा दोघांना देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, स्केर्बेक गावाजवळच्या ‘मार्स्क टॉवर’वर नेले. बियार्के इंगेल्स यांच्या वास्तुरचना संस्थेने आखलेला हा २५ मीटर उंचीचा मनोरा २०२१ मध्ये खुला झाला. लांबून पाहिला तर कुणी गंजका स्क्रू जमिनीत अर्धवट पिळून सोडून दिलाय असे वाटते. तो गंज मुद्दाम ठेवलेला असतो. या पोलादावर गंजाचाच थर बसतो आणि तोच आतला धातू राखतो, रंग द्यावा लागत नाही. तिकीट मात्र आपल्या हिशेबाने बरेच आहे.

सौ.चा उजवा गुडघा बदललेला, डाव्याची पाळी आलेली. आपल्याकडच्या खाडीकाठच्या एका मनोऱ्यावर गेलो होतो, तिथे शिडीसारखा उभा लोखंडी जिना होता. मी वर जाऊन बगळे-रोहित (फ्लेमिंगो) पाहिले आणि ही खाली सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसली. इथेही तेच होणार हे धरून मी पहिल्या पायरीवर पाय ठेवलाही होता. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “बाबा, आईला लिफ्ट आहे.”

दोन जिने पेडासारखे एकमेकांत गुंफलेत, एक चढायचा, एक उतरायचा. त्यामुळे वाटेत अंग चोरून कुणाला वाट द्यावी लागत नाही. आणि त्यांच्या मधोमध लिफ्ट. मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा बाईसाहेब कठड्याला टेकून, वाऱ्याने उडणारा स्कार्फ दातांत धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “अहो, ही तर आपली खार!”

तिचे माहेर पेणकडचे, खारेपाटातले; खार म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन. समोर पाहिले तर खरेच तसे. समुद्र थोपवणारा लांबच लांब बांध, बांधाआड सपाट हिरवी जमीन, तिच्यातून सरळ रेषेत गेलेले चर, आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडून भरतीला बंद होणाऱ्या उघाड्या. भाताऐवजी मेंढ्या, एवढाच फरक. त्या मेंढ्या बांधावर मुद्दाम चारतात. गवत आखूड राहते आणि खुरांनी माती दाबून बसते. बांधाला खांड पडली की काय होते ते तिने लहानपणी पाहिलेय, त्यामुळे मुलाला माहिती सांगायचे काम तिनेच केले. उत्तरेला रीबे गावात जुन्या महापुरांची पातळी दाखवणारा एक लाकडी खांब आहे. सर्वांत वरची कडी १६३४ सालची, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. तिच्याखाली ही बराच वेळ गप्प उभी होती.

बांधापलीकडचा वाडन समुद्र डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्याला लागून आहे. तो जागतिक वारसा आहे. डेन्मार्कचा भाग त्यात २०१४ मध्ये आला. दरवर्षी लाखो स्थलांतरित पक्षी तिथल्या चिखलावर पोट भरून पुढे जातात. आपल्या भोरड्यांच्या जातभाईंचे थवे वसंतात आणि शरदात संध्याकाळी आकाश काळे करतात म्हणे, पण ते पाहायला आम्ही उशिरा पोचलो.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेव्हा असे मनोरे आता आपल्याकडेही वाढतील, वाढावेत. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता यायला हव्यात, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेलेच आहे. लिफ्ट परवडत नसेल तर मनोरा ठेंगणा करा, पण वरपर्यंत उतार द्या. दहा-बारा फुटांवरूनही खाडी छान दिसते. आणि हो, त्या गंजक्या पोलादाची नक्कल मात्र कुणी करू नये. आपली खारी, दमट हवा तो राखणारा थर नीट बसू देत नाही, पत्रा खातच जाते.

पुढच्या हिवाळ्यात रोहित पाहायला आम्हा दोघांना जायचे आहे. या खेपेला पिशव्या सांभाळायला मी खाली बसेन, असे मी कबूल करून चुकलो आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, अलिबाग