पाच हजारांचे सहा हजार

चि. बाळास,

प्रभूमध्ये सलाम.

तरुण संघाच्या शिबिराच्या पैशातले पाच हजार तू वापरलेस आणि टेंपोची खोटी पावती जोडून हिशोब जुळवलास, हे तू आपण होऊन सांगितलंस. आता पुढच्या पगाराला ते पैसे रविवारी गुपचूप दानाच्या थैलीत टाकायचे, हा तुझा बेत मात्र सोड. पैसे परत जातील, वही खोटीच राहील. ज्या टेंपोवाल्याच्या नावाची पावती आहे त्याच्या माथी न घेतलेलं भाडं राहील, आणि उद्या कुणाला शंका आलीच तर बोट तुझ्यानंतर येणाऱ्या खजिनदाराकडे जाईल.

बायबलातलं लेवीय ६:१-७ नीट वाच. शेजाऱ्याला फसवलं, ठेव बुडवली, वर खोटी शपथ घेतली, तर मूळ रक्कम पुरी भरायची आणि तिचा पाचवा हिस्सा वर द्यायचा. म्हणजे तुझे पाच हजार अधिक एक हजार. ते ज्याचे आहेत त्याच्याच हातात द्यायचे, आणि दोषार्पणाच्या, म्हणजे दोषाबद्दल बळी वाहायच्या, दिवशीच द्यायचे. वेदीपाशी जाताना मागची उधारी चालत नाही. निर्गम २२ मध्ये चोर पकडला गेला तर दर वेगळा आहे: जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट, मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर चौपट. जकातदार जक्कय (लूक १९:८) चौपट देतो म्हणाला तो हाच दर. कुणी पकडलं नसताना त्याने स्वतःला चोराचा हिशोब लावला. आणि तेही प्रभू त्याच्या घरी आल्यावर! तेव्हा हे हजार रुपये क्षमेची किंमत समजू नकोस. ती वधस्तंभावर चुकती झाली आहे. हे संघाच्या नुकसानीचे आहेत, एवढंच.

आता करायचं काय ते. आधी पाळकसाहेबांना आणि संघाच्या अध्यक्षांना एकत्र भेट. एकेकट्याला सांगितलं की दोन वेगवेगळ्या हकिकती तयार होतात. रोकडवही आणि व्हाउचरची फाईल बरोबर ने. खोटं व्हाउचर फाडू नकोस, खाडाखोड तर नकोच. त्यावर एक आडवी रेघ मार, 'रद्द' लिही, तारीख घाल, आणि तुझ्या सहीखाली अध्यक्षांची सही घे. पाच हजार 'शिबिर निधी परत' म्हणून जमेला धर, हजार 'भरपाई' म्हणून वेगळ्या ओळीत. ते देणगी म्हणून लिहू नकोस, नाहीतर वार्षिक अहवालात देणगीदारांच्या यादीत तुझं नाव छापून येईल. दोन्हींची पावती दुसऱ्याने फाडावी, तू नाही. टेंपोवाल्याकडेही जाऊन ये.

बोलताना रक्कम, तारीख, आणि पावती कुणी लिहिली, एवढंच सांग. 'परत ठेवणारच होतो' हे वाक्य खरं असलं तरी गाळ. 'मी पाप केलं आहे' असं शौल राजाही म्हणाला आणि दावीद राजाही. पण शौलाने लगेच जोडलं की मी लोकांना भ्यालो, आणि वडीलजनांसमोर माझा मान तेवढा राख (१ शमुवेल १५). नाथान संदेष्ट्यासमोर दावीदाने पुढे काहीच जोडलं नाही. पहिल्या मंडळीतल्या हनन्याचंही तसंच बघ. विकलेल्या जमिनीचे पैसे ठेवून घ्यायला त्याला मोकळीक होती, असं प्रेषित पेत्रच म्हणतो (प्रे. कृत्ये ५:४). थोडं देऊन सगळं दिल्याचा आव आणला, तिथे तो जिवाला मुकला.

किती लोकांसमोर सांगायचं, असं तू विचारलंस. खोटं जिथवर पोचलं तिथवर. शिबिराचा हिशोब सर्वसाधारण सभेत वाचून मंजूर झाला असेल, तर दुरुस्तीही तिथेच वाचली पाहिजे. झाला नसेल तर कमिटीत पुरे. उपासनेत माईकवर जाऊन रडायची गरज नाही, त्यात कबुलीपेक्षा कौतुकच जास्त पदरात पडतं.

राजीनामा लिहूनच ने. घ्यायचा की नाही ते कमिटी ठरवील, तू आग्रह धरू नकोस. एक सूचना मात्र कर: इथून पुढे पैसे मोजायला दोघं आणि पैसे काढायला दोन सह्या. यरुशलेमेतल्या गरिबांसाठीची वर्गणी प्रेषित पौलानेही एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ धाडले, कुणाला दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१).

पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडून उसने ने, पण ते उसने आहेत हेही पाळकसाहेबांना सांग. शनिवारी संध्याकाळी ते घरी असतात. आधी फोन करून जा.

तुझे,
पप्पा